सायकॉलॉजी घेतलंय? मग ओळख बघू माझ्या मनात काय चाललंय!

(बारावीचे निकाल लागले की या सदराच्या टपालात सायकॉलॉजीवरचे प्रश्न वाढतात, यंदा तर इतके आले की बाकीचे सगळे बाजूला ठेवून हा अंक त्यांनाच दिलाय. ज्यांचे प्रश्न सारखे होते ते एकत्र केलेत. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.)

मॅडम, मी कात्रजला राहते, एफवायबीएला आहे. मला सायकॉलॉजी स्पेशल घ्यायचंय, पण घरी कुणी आलं की पहिलं हेच, "मग सांग बघू माझ्या मनात काय चाललंय?" आणि खरं सांगायचं तर इतक्यात तरी मला माणसांबद्दल कमी आणि मीन, मिडियन, स्टँडर्ड डेव्हिएशनबद्दल जास्त शिकवलं जातंय. हे असंच असतं का? मग पुढे नेमकं काय शिकतात?

अगं हो, असंच असतं, आणि "सायकॉलॉजी का? बापरे, तुझ्याशी जपून बोलायला हवं" हे लग्नाच्या पंगतीत ऐकल्याशिवाय या विषयातली कुणाचीच डिग्री पूर्ण होत नाही. हसून सोडून द्यायचं. फारच मागे लागले तर सांगायचं, काका, फी द्या, मग सांगते.

आता काय शिकतात ते. पुढे प्रॅक्टिकल सुरू झालं की तुला मिरर ड्रॉइंग नावाचा प्रयोग करावा लागेल. समोर आरसा, हातावर आडोसा म्हणजे स्वतःचा हात थेट दिसत नाही, फक्त आरशात दिसतो, आणि कागदावर दुहेरी रेघांची एक चांदणी छापलेली. त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवून आणायची, बस एवढंच. ऐकायला पोरखेळ वाटतो. सरळ भाग कसाबसा जमतो पण कोपरा आला की पेन्सिल जागच्या जागी थरथरते, डोकं म्हणतं वर जा आणि हात खाली जातो, दिवाळीत अख्खं अंगण रांगोळीने भरणाऱ्या मुली तिथे रडकुंडीला येताना पाहिल्यात मी. तुझी पार्टनर स्टॉपवॉच घेऊन बसलेली असते, रेघेबाहेर गेलीस की एक एरर. मग एका हाताने भरपूर सराव करून झाला की दुसऱ्या हाताने तीच चांदणी काढायची, आणि त्या हाताला काहीही सराव नसताना तो पहिल्या हाताच्या सुरुवातीपेक्षा बरा चालतो. याला बायलॅटरल ट्रान्स्फर म्हणतात. एका हाताचं शिकणं दुसऱ्या हातात कसं काय पोचलं, हा प्रश्न पडला ना की समजायचं तुझं सायकॉलॉजी सुरू झालं.

आणि इथेच तुझं ते मीन-मिडियन लागतं. कारण एकट्या तुझा हात सुधारला याने काही सिद्ध होत नाही, वर्गातल्या सगळ्यांचे आकडे घ्यायचे, सरावाआधीचे आणि नंतरचे, आणि हा फरक नुसत्या योगायोगाने पडला असता का ते तपासायचं. स्टॅटिस्टिक्स म्हणजे मुळात एवढंच. सोपं उदाहरण घे, तुमच्याच वर्गात पाहणी केलीस आणि दिसलं की जी मुलं रात्री मोबाईल जास्त बघतात ती कमी झोपतात. मग मोबाईलने झोप उडवली, की झोप येत नव्हती म्हणून मोबाईल हातात घेतला, की उद्या सबमिशन आहे या टेन्शननेच दोन्ही झालं? नुसत्या कोरिलेशनवरून, म्हणजे दोन गोष्टी एकत्र दिसतात एवढ्यावरून, यातलं काहीच कळत नाही, तरी पेपरात मथळा येतो "मोबाईलमुळे निद्रानाश". हा मथळा वाचून ज्याच्या कपाळावर आठी येते त्याने स्टॅटिस्टिक्स नीट केलंय असं मी धरते.

हे किती गंभीर आहे ते सांगते. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या गटाने नावाजलेल्या जर्नल्समधले सायकॉलॉजीचे शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले, तर मूळचा ठाम निष्कर्ष जेमतेम तिसऱ्या हिश्शापेक्षा थोड्या जास्त अभ्यासांत टिकला. आमच्या विषयाची चांगलीच बेअब्रू झाली, पण ती उघड करणारे आमच्याच विषयातले होते, याचा मला अभिमानही आहे. म्हणून रीलवर कुणी "सायकॉलॉजी म्हणते की" असं सुरू केलं की पुढे स्क्रोल करत जा.

शाखांचं म्हणशील तर टीवायपर्यंत सगळ्यांची तोंडओळख होते. लहान मूल वस्तू लपवली तरी ती तिथेच आहे हे कधीपासून धरतं, हे डेव्हलपमेंटल. गर्दीत माणूस स्वतःच्या डोळ्यांना दिसतंय ते सोडून चारचौघांसारखं उत्तर का देतो, हे सोशल, त्यात १९५१ च्या सुमारास सॉलोमन अ‍ॅशने केलेला रेघांचा प्रयोग तुला भेटेल. येल विद्यापीठातले स्टॅन्ली मिलग्रमचे प्रयोगही तिथेच. दुसऱ्या खोलीतल्या माणसाला शॉक द्यायला सांगितलं, शॉक खोटे होते पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं, आणि १९६३ मध्ये छापलेल्या त्या पहिल्या अभ्यासातल्या ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. मिलग्रम वाचताना "लोक किती दुष्ट" इथेच थांबू नकोस, त्या माणसांना असं फसवणं बरोबर होतं का यावर नंतर जे वाद झाले तेही वाच, कारण आज तू मैत्रिणीवर साधी टेस्ट करायची म्हटली तरी आधी संमतीपत्रावर सही घ्यावी लागते, त्यामागे असेच वाद आहेत.

बाकी कॉग्निटिव्ह, बायो, पर्सनॅलिटी, अबनॉर्मल ही मंडळी ओळीने येतीलच. अबनॉर्मलबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे, तो वाच.

मुलगी बारावी सायन्सला आहे, मेडिकलऐवजी "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" व्हायचं म्हणते. सायकिअ‍ॅट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, कौन्सेलर यात आम्हाला घोळ होतो. किती वर्षं, कुठे, आणि खात्रीचं काय? (एक वडील, चिंचवड)

तुमचा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे म्हणून थोडं सविस्तर सांगते.

सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे आधी डॉक्टर, एमबीबीएस आणि वर एमडी किंवा तत्सम, गोळ्या लिहून देण्याचा अधिकार त्यांना. तुमच्या मुलीने मेडिकलची नीट परीक्षा दिली नाही तर हा रस्ता बंद, हे तिला आजच स्वच्छ सांगा, कारण "सायकॉलॉजी करून मग औषधं देईन" अशा समजुतीतल्या मुली मला एमएला आल्यावर भेटतात आणि तेव्हा फार वाईट वाटतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाही, चाचण्या करून निदानाला मदत करते, थेरपी करते. कौन्सेलरकडे साधारणपणे रोजच्या आयुष्यातल्या अडचणी येतात, अभ्यास, करिअर, नातेसंबंध, घरातली भांडणं.

आता खात्री. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे सगळे ज्याला आरसीआय म्हणतात तिथे, नोंदणी लागते, १९९२ च्या कायद्याने ती संस्था आहे. नुसतं एमए क्लिनिकल असं मार्कशीटवर छापलेलं असलं की नोंदणी मिळते असं अजिबात नाही, तो कोर्स त्या कॉलेजात आरसीआयने मान्य केलेला हवा. आजवरचा राजमार्ग असा होता, तीन वर्षं बीए किंवा बीएस्सी, दोन वर्षं एमए, आणि मग मान्यताप्राप्त संस्थेत दोन वर्षांचं एमफिल, त्यात हॉस्पिटलमध्ये पेशंटसोबत प्रत्यक्ष काम. म्हणजे सात वर्षं, तेही सगळं वेळेत झालं तर, एमफिलच्या जागा फार थोड्या. बंगळुरूचं निम्हान्स आणि रांचीचं सीआयपी ही त्यातली सगळ्यांना माहीत असलेली नावं, तिथली एन्ट्रन्स म्हणजे काय ते एमएची मुलंच सांगतील.

पण हा राजमार्ग आता बदलतोय. यूजीसीने २०२२ च्या नियमांत एमफिल ही पदवीच मोडीत काढली, फक्त क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्क या दोन विषयांत २०२५-२६ च्या प्रवेशापर्यंत मुभा दिली, आणि आरसीआयने त्या जागी नवे कोर्स आखलेत, त्यात एमए क्लिनिकल सायकॉलॉजीही आहे. शिवाय २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात सायकॉलॉजिस्टही आलेत. तुमची मुलगी पदवी घेऊन बाहेर पडेल तोवर चित्र आणखी बदललेलं असेल, तेव्हा शेजारच्या ताईने काय केलं त्यावर जाऊ नका, प्रवेशाच्या वेळी आरसीआयच्या वेबसाइटवर त्या कॉलेजचं नाव आणि त्या कोर्सचं नाव दोन्ही स्वतः बघा. कॉलेजच्या माहितीपत्रकात काय छापलंय ते नंतर.

एक सावधगिरी. घरबसल्या डिस्टन्सने सायकॉलॉजी एमए करून घेणारे पुष्कळ होते, ऑगस्ट २०२५ मध्ये यूजीसीने सायकॉलॉजीसकट आरोग्याशी जोडलेले कोर्स डिस्टन्स आणि ऑनलाइन पद्धतीने बंद करायला सांगितलं, त्याच वर्षीच्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून. तरी कुणी फोन करून "सीट बुक करा" म्हणालं तर नको म्हणा. आणि शनिवार-रविवारच्या वर्कशॉपनंतर "सर्टिफाइड थेरपिस्ट" करून देणारे जे आहेत त्यांच्याबद्दल मी काही लिहीत नाही, संपादक कात्री लावतील.

पदवीसाठी पुण्याबाहेर जायची गरज नाही. फर्ग्युसन, एसपी ही जुनी कॉलेजं आहेत, एमएसाठी गणेशखिंडीत विद्यापीठाचा विभाग आहे. सायन्सची मुलगी आर्ट्सला गेली म्हणून नातेवाईक नाकं मुरडतील, त्याला इलाज नाही, पण बायोलॉजी झालेली असली की न्यूरॉन, मेंदूचे भाग, हॉर्मोन्स हे सगळं तिला इतरांपेक्षा सोपं जाईल.

मला फॉरेन्सिक सायकॉलॉजी करायचंय. क्रिमिनलचं माइंड वाचायचंय. स्कोप आहे का? (एसवायबीए, कोथरूड)

वेब सिरीज कोणती बघितलीस?

चिडवत नाही, पण माइंड वाचायच्या हौसेचं काय होतं त्याचं उदाहरण तुझ्या गावातलंच आहे. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयात एका खून खटल्यात आरोपीच्या मेंदूच्या लहरी मोजून, गुन्ह्याचा "अनुभव" तिच्या स्मृतीत आहे असं सांगणारी चाचणी पुरावा म्हणून पुढे आली, शिक्षा झाली, आणि जगभरच्या शास्त्रज्ञांनी भुवया उंचावल्या, कारण त्या चाचणीला हवा तसा शास्त्रीय आधारच नव्हता. दोन वर्षांनी, २०१० मध्ये, सुप्रीम कोर्टाने सेल्वी खटल्यात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची ही असली चाचणी माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही. या दोन निकालांवर एक प्रोजेक्ट कर, कुठल्याही सिरीजपेक्षा थरारक आहे.

काम काय असतं म्हणशील तर चाचण्या, मुलाखती, आणि ढीगभर रिपोर्ट लिहिणं, कोर्टात उलटतपासणीला उभं राहता येईल इतके नेटके रिपोर्ट. गांधीनगरच्या नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीत हा विषय एमए-एमएस्सी पातळीवर आहे. नोकऱ्या थोड्या आहेत. क्लिनिकलचा पाया पक्का करून मग इकडे वळलास तर पोट भरण्याची सोय राहते, हे माझं मत.

कौन्सेलिंग घेऊ की इंडस्ट्रियल? मैत्रिणी म्हणतात आयओ (इंडस्ट्रियल-ऑर्गनायझेशनल) केलं की हिंजवडीत पॅकेज, कौन्सेलिंगमध्ये पैसा नाही. पण मला लोकांशी बोलायला आवडतं.

लोकांशी बोलायला आवडतं हे कौन्सेलिंगसाठी फार उपयोगाचं नाही गं, उलट गप्प बसायला आवडतं का ते सांग. समोरचा माणूस रडतोय, तुला अगदी ओठावर सल्ला आलाय, आणि तरी गप्प राहून त्याचं त्याला पोचू द्यायचं, तेही संध्याकाळपर्यंत एकामागून एक माणसं आली तरी. गप्पिष्ट मुलींना हे फार जड जातं, आणि ज्या वर्गात मागच्या बाकावर गप्प बसून सगळं ऐकत असतात त्या पुढे उत्तम निघतात, असं मी वर्षानुवर्षं बघत आलेय.

इंडस्ट्रियलमध्ये काम वेगळं. भरतीच्या चाचण्या, ट्रेनिंग झाल्यावर खरंच काही फरक पडला का याची मोजणी, लोक नोकरी का सोडतात याचा शोध, म्हणजे पुन्हा एक्सेल आणि आकडे. पॅकेजचं मैत्रिणी म्हणतात त्यात तथ्य आहे, पण एक अडचण सांगते, बऱ्याच कंपन्यांना एचआरसाठी एमबीएच हवा असतो, तेव्हा आयओवाल्यांनी सायकोमेट्रिक्समध्ये, म्हणजे चाचण्या बनवणं आणि तपासणं यात हात बसवलेला बरा, ते एमबीएवाल्याला येत नाही.

आणि तिसरी वाट कुणी सांगतच नाही म्हणून सांगते. खडकवासल्याला एनडीए आपल्या उशाशी आहे, तिथे जाण्याआधी मुलं ज्या एसएसबीला, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळापुढे, बसतात त्यात एक अख्खा दिवस सायकॉलॉजीच्या चाचण्यांचा असतो, आधी चित्रं बघून गोष्टी, मग साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, सुचेल ते वाक्य लिहा, मग साठ प्रसंग. ती उत्तरं वाचून मुलाचा स्वभाव मांडणारे लोक सायकॉलॉजीवालेच असतात आणि त्यांच्यामागे डीआरडीओची दिल्लीतली संशोधन संस्था आहे. चाचणी बनवण्याची आवड असेल तर सदाशिव पेठेतल्या ज्ञान प्रबोधिनीचं कामही बघ. अप्पा पेंडशांनी १९६२ मध्ये ती सुरू केली, ते मुळात मानसशास्त्राचेच. गिलफर्ड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने बुद्धीचे १२० तुकडे कल्पिले होते, त्या मांडणीवर आधारलेल्या चाचण्यांवर तिथे वर्षानुवर्षं काम झालंय.

मी जुन्नरकडची, मराठी मीडियमची, आता हॉस्टेलला. पुस्तकं सगळी इंग्रजी. एका पानाला एक तास लागतो. चुकलं का माझं?

नाही. पहिलं सेमिस्टर सगळ्यांचंच असं जातं, फर्ग्युसन रोडवर इंग्रजीत भांडणाऱ्यांचंसुद्धा, कारण "रीइन्फोर्समेंट" आणि "लेटंट" हे त्यांच्याही रोजच्या बोलण्यातले शब्द नाहीत. आधी तोच धडा मराठीतून वाचून घे, लायब्ररीत मराठी पुस्तकं असतात, मग इंग्रजी उघड. परीक्षेत मराठीतून लिहिता येतं का ते ऑफिसात विचार.

पण एक सांगू, पुढे पेशंट येईल तो मराठीत बोलणार आहे. "जीव घाबरा होतो", "डोक्यात किडे वळवळतात", "कशात मन लागंना", हे ऐकून त्यामागे काय असू शकतं हे तुला जितकं चटकन उमगेल तितकं शहरातल्या कॉन्व्हेंटच्या मुलीला नाही उमगणार. परदेशी चाचणी जशीच्या तशी आपल्या मुलांना देऊन चालत नाही हे जुन्या लोकांना बरोबर ठाऊक होतं, म्हणून तर बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाची बुद्धिमापन चाचणी कामतांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवून घेतली, बिने-कामत म्हणून ती आजही लोकांना माहीत आहे. आणि अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी माणसाला कळेल अशा भाषेत आणली ती कि. मो. फडक्यांनी. यांचं काम बघ, धीर येईल.

अबनॉर्मल सायकॉलॉजी सुरू झाल्यापासून प्रत्येक धडा वाचला की तो आजार मलाच आहे असं वाटतं. आधी अँग्झायटी, मग ओसीडी, आता बायपोलर. घरच्यांनाही एकेक लेबल लावून झालंय. मैत्रीण म्हणते सगळ्यांनाच होतं. पण मला खरंच रात्री झोप येत नाहीये.

यात दोन गोष्टी आहेत, वेगळ्या करू.

धडा वाचून आजार होणं हे खरंच सगळ्यांना होतं, मेडिकलच्या मुलांनाही होतं, त्यावर जुना इलाज म्हणजे व्याख्या शेवटपर्यंत वाचायची. डीएसएममध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात, डिप्रेशनची नऊ लक्षणं दिलीत, त्यातली निदान पाच, सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, आणि त्यामुळे कामधंदा, अभ्यास, माणसं यांत ठळक अडथळा, एवढं सगळं हवं. आपण पहिल्या दोन ओळी वाचून पुस्तक मिटतो. चपला सरळ रेषेत लावणारी तुझी आई ओसीडीची पेशंट नाही, घर नीट ठेवणारी बाई आहे. ज्यांना ओसीडी असतो त्यांचा दिवसातला तासाहून जास्त वेळ त्याच त्या विचारांत आणि कृतींत जातो आणि त्यांना त्याचा भयंकर जाच होतो. घरच्यांची लेबलं आजच काढ, शिकाऊ माणसाने निदान करायचं नाही, आणि पुढे डिग्री मिळाली तरी घरच्यांचं करायचं नाही, हा आमच्या धंद्यातला साधा नियम आहे.

दुसरी गोष्ट तुझी झोप. ती धड्यामुळे असो नाहीतर आणखी कशाने, किती दिवसांपासून आहे हे तू लिहिलं नाहीस, आणि मी या सदरातून ते ओळखणारही नाही. पुष्कळ मुलं स्वतःचं काहीतरी दुखतंय म्हणून या विषयाकडे येतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण स्वतःचा इलाज टेक्स्टबुकातून करायला जाऊ नये. कॉलेजात कौन्सेलर असेल तर याच आठवड्यात जा, शिकवणाऱ्या मॅडमकडे नको, त्या तुझे मार्क देणार आहेत, तिथे तू मोकळी बोलणार नाहीस. नाहीतर १४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. रात्री झोप नाही आली तर रात्रीच लाव. आणि जिवाचं बरंवाईट करायचा विचार मनात डोकावून गेला असेल तर सकाळची वाट बघू नकोस, घरातल्या कुणाला तरी उठव.

एमएला जायच्या आधी खरं काम बघायला कुठे मिळेल? येरवड्याला मनोरुग्णालयात जाता येईल का? (टीवायबीए)

एकट्याने गेटवर जाऊन उभं राहू नकोस, ते बघायचं ठिकाण नाही, तिथे माणसं आजारी आहेत. कॉलेजच्या विभागामार्फत भेट ठरते का ते विचार, आणि गेलात तर फोन बॅगेत, फोटो नाही, बाहेर आल्यावर स्टेटस नाही. येरवड्यालाच मुक्तांगण आहे, अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं व्यसनमुक्ती केंद्र, व्यसनातून बाहेर आलेली माणसंच तिथे इतरांसाठी उभी राहतात, हे पुस्तकातून कळत नाही. विशेष मुलांच्या शाळांनाही मदतीला हात हवेच असतात, तिथे सुरुवातीला तुला कुणी थेरपी करायला देणार नाही, मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधायला आणि डबा भरवायला सांगतील, तेच कर. जाताना विभागप्रमुखांचं पत्र, आयडीची झेरॉक्स आणि कुठले वार, किती ते किती वेळ देऊ शकतेस ते एका कागदावर लिहून ने, नुसतं "इंटर्नशिप पाहिजे" म्हणून फोन करणाऱ्यांना सगळे कंटाळलेत. परीक्षेच्या महिन्यात येणार नसशील तर तेही त्याच कागदावर लिही.